जिमनीला एटी टायर: नव्वद टक्के डांबर, दहा टक्के मुरूम

११ जुलै २०२५ : गाडी आणि वापर

गाडी पाच दारांची मारुती सुझुकी जिमनी, मॅन्युअल. कंपनीतून आलेले टायर १९५/८० आर १५, ९६ एस, हायवे पॅटर्न. डेप्थ गेजने नक्षी, म्हणजे खोबणीची खोली, मोजली. पुढच्या चाकांवर ३.६ आणि ३.८ मिमी, मागच्या चाकांवर ३.१ आणि ३.२ मिमी. कायद्याने १.६ मिमीपर्यंत टायर चालतो आणि खोबणीच्या तळाशी असलेला उंचवटाही तेवढीच मर्यादा दाखवतो. पण सह्याद्रीच्या पावसात तोवर थांबणे धोक्याचे आहे. नक्षी ३ मिमीच्या खाली गेली की खोबणीत पाणी मावत नाही आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक लावल्यावर गाडी खूप पुढे जाऊन थांबते. हे टायर पावसाळा संपायच्या आत उतरवून एटी, म्हणजे ऑल-टेरेन, डांबर आणि कच्ची वाट दोन्हींसाठीचे टायर बसवायचे.

वापर पुणे शहर, बाह्यवळण, मुंबईचा द्रुतगती मार्ग आणि ताम्हिणी, वरंधा हे घाट. डांबर सुटते ते वेल्हे, भोर, मुळशी या भागात शेवटच्या चार-पाच किलोमीटरला. तिथे मुरूम, उघडा पडलेला काळा खडक आणि बांधाकडेच्या चिखलवाटा.

निवडीचा क्रम आधीच लिहून ठेवला: ओल्या डांबरावरची पकड, मग वजन, मग साईडवॉलची (टायरच्या बाजूच्या भिंतीची) ताकद आणि शेवटी चिखल. दुकानात उभे राहिले की हा क्रम हमखास उलटा होतो, कारण तिथे नजरेत भरतात ते जाड ठोकळे.

१९ जुलै : आकाराचे गणित

तीन मापे कागदावर तपासली. टायरचा व्यास म्हणजे रिमचा व्यास (१५ इंच, ३८१ मिमी) आणि साईडवॉलच्या उंचीची दुप्पट. मापातला पहिला आकडा मिमीमधली रुंदी, दुसरा म्हणजे साईडवॉलची उंची रुंदीच्या किती टक्के.

१९५/८० आर १५: साईडवॉल १५६ मिमी, व्यास ६९३ मिमी.
२१५/७५ आर १५: साईडवॉल १६१.२५ मिमी, व्यास ७०३.५ मिमी. मूळ मापापेक्षा १.५ टक्के मोठा.
२३५/७५ आर १५: साईडवॉल १७६.२५ मिमी, व्यास ७३३.५ मिमी. मूळ मापापेक्षा ५.८ टक्के मोठा.

जिमनीच्या फोटोंमध्ये जो रुबाबदार दिसतो तो बहुतेक वेळा २३५/७५ असतो. आपल्या कामासाठी तो पहिल्याच फेरीत बाद. मूळ अलॉय रिम साडेपाच इंच रुंदीचे आहे आणि २३५/७५ ला किमान सहा इंची रिम लागते. अरुंद रिमवर बसवला तर टायरचा मधला भाग फुगतो, डांबराला पूर्ण रुंदी टेकत नाही आणि नक्षी मधोमध झिजते. शिवाय सस्पेन्शन उचलल्याशिवाय तो चाकाच्या कमानीत मोकळा फिरत नाही. पुढचा अ‍ॅक्सल अखंड असल्यामुळे गाडी उचलली की कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळते त्याचा पुढे-मागे कल) बदलतो, स्टिअरिंग हलके आणि बेभरवशाचे होते, मग ते सुधारायला वेगळे बुश. मीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी मूळपेक्षा जवळपास सहा टक्के जास्त पळत असेल. एवढे सगळे करून डिफरन्शियलखाली (चाकांच्या मधल्या गिअरपेटीखाली) जमिनीपासूनची उंची वाढणार २० मिमी.

२१५/७५ ला साडेपाच इंची रिम चालते, ती त्याची खालची मर्यादा. उंची वाढते फक्त ५ मिमी, म्हणजे उंचीसाठी हे माप घ्यायचे कारणच नाही. कारण वेगळे आहे: महिंद्रा बोलेरोचे माप २१५/७५ आर १५ आहे. वेल्ह्याला किंवा महाडला शनिवारी संध्याकाळी साईडवॉल फाटली तर १९५/८० शोधत पुण्याला यावे लागेल. बोलेरोचा टायर तालुक्याच्या कोणत्याही दुकानात टांगलेला असतो. नक्षी जुळणार नाही, पण फोर-व्हील न लावता घरी पोहोचता येईल.

२ ऑगस्ट : साधी बांधणी की एलटी

एटी घेताना सर्वात जास्त घोळ होतो तो इथे. एकाच मापात दोन जातीचे टायर मिळतात. मापाच्या आधी ‘एलटी’ अक्षरे असली किंवा लोड इंडेक्स (टायर किती भार पेलतो त्याचा क्रमांक) १००/९७ असा जोडीने लिहिलेला असला, तर तो टायर हलक्या ट्रकच्या बांधणीचा. बीएफगुडरिच केओ२ हा २१५/७५ आर १५ मध्ये असाच येतो. योकोहामा जिओलँडर जी०१५ मध्ये मापानुसार दोन्ही बांधण्या आढळतात, त्यामुळे नावावर न जाता साईडवॉल वाचायची.

जिमनीचे पूर्ण भारासकट कमाल वजन १,५४५ किलो. चार चाकांत सारखे वाटले तर चाकामागे ३८६ किलो. मागे सामान जास्त धरले तरी साडेचारशेच्या आसपास. मूळ टायरचा लोड इंडेक्स ९६, म्हणजे ७१० किलो. इतकी मोकळीक मूळ टायरमध्येच आहे. एलटी टायर दोन-अडीच टनांच्या आणि सतत ओझे वाहणाऱ्या गाडीसाठी बनतो. त्याचे जाड थर एवढ्या हलक्या गाडीखाली नीट वाकत नाहीत. मग खड्डा थेट पाठीत लागतो, टायर रस्त्याच्या उंचसखलपणाला चिकटून चालत नाही आणि ओल्या डांबरावर पकड कमी पडते. वजनही वाढते. त्याच मापाच्या साध्या एटीपेक्षा एलटी नगामागे सुमारे तीन किलो जड निघतो, मूळ हायवे टायरच्या तुलनेत फरक त्याहून मोठा. हे वजन स्प्रिंगच्या खालचे आणि फिरणारे आहे. १३४ न्यूटन-मीटरच्या इंजिनाला ते प्रत्येक सिग्नलला आणि प्रत्येक चढाला जाणवते.

एलटीची एक गोष्ट खरोखर मोलाची आहे. केओ२ च्या साईडवॉलला कापडाचे तीन थर असतात आणि फुटक्या बेसॉल्टच्या धारेवर ते टिकतात. ज्यांची गाडी दर आठवड्याला खाणीच्या किंवा धरणाच्या कामावर जाते त्यांनी एलटी जरूर घ्यावा. इथे प्रमाण दहा टक्के आहे.

ठरले: साधी बांधणी, लोड इंडेक्स ९६ किंवा वर, वेगाचे अक्षर एस (१८० किमी) किंवा वरचे. काही एटींवर क्यू, म्हणजे १६० किमी असते. द्रुतगती मार्गावरची मर्यादा १०० आणि समृद्धीवरची १२०, त्यामुळे आकडा पुरेसा वाटतो. पण हे अक्षर टायर उष्णता किती सोसतो तेही सांगते. मे महिन्यात तापलेल्या काँक्रीटवर तासनतास एकाच वेगाने चालताना ती मोकळीक हवी.

१० ऑगस्ट : नक्षी जवळून

दुकानात दोन एटी टायर शेजारी ठेवून पाहिले. लांबून एकसारखे. जवळ गेल्यावर फरक दिसतो तो ठोकळ्यांवरच्या बारीक चिरांमध्ये, म्हणजे सायपमध्ये. ओल्या रस्त्यावर या चिरांच्या कडाच पाण्याचा पातळ थर पुसून रबर डांबराला टेकवतात. एका टायरच्या सायपमध्ये पोस्टकार्डाचा कोपरा घातला तर मुख्य खोबणीच्या तळापर्यंत गेला. दुसऱ्यात तीन मिमीवर अडला. दुसरा टायर पहिल्या वर्षी छान चालेल. पण निम्मी नक्षी झिजल्यावर त्यावर चिराच उरणार नाहीत, नुसते मोठे गुळगुळीत ठोकळे उरतील, आणि असा टायर ताम्हिणीच्या शेवाळलेल्या वळणावर सरकतो. खोबणी दहा मिमी खोल आहे एवढे ऐकून टायर घेऊ नये. सायप किती खोल ते पाहावे.

आणखी तपासायच्या गोष्टी. मधल्या ठोकळ्यांना एकमेकांशी जोडणारे रबराचे पूल आहेत का? पूल असले की ब्रेक लावताना ठोकळे लवत नाहीत आणि आवाजही कमी. ठोकळ्यांचे आकार आणि अंतर चाकाभोवती बदलते का? सगळे एकसारखे असले की एकाच सुरात घोंगावतात, कमीजास्त असले की आवाज विखुरतो. खोबणीच्या तळाशी खडी बाहेर ढकलणारे उंचवटे आहेत का? आपल्या रस्त्यांवर डांबरातून सुटलेली बारीक खडी खोबणीत रुतते आणि दर फेरीला आत टोचत राहते.

खांद्यावरच्या खुणांबद्दल. ‘एम+एस’ (चिखल आणि बर्फ) हे अक्षर उत्पादक स्वतः छापतो, त्यामागे ठराविक चाचणी नसते. तीन शिखरांत हिमकण असे चिन्ह चाचणीनंतर मिळते, पण ती चाचणी बर्फावरच्या पकडीची. स्पिती-लडाखला कामाचे, भोरच्या पावसाबद्दल काहीच सांगत नाही. आपल्याला उपयोगी खूण छोटी असते: वर्तुळातल्या ‘ई’ जवळच्या क्रमांकापुढे एस, डब्ल्यू, आर ही अक्षरे. डब्ल्यू म्हणजे ओल्या रस्त्यावरच्या पकडीची आंतरराष्ट्रीय किमान अट पार केली. भारतातही एआयएस-१४२ या मानकात ओली पकड, घरंगळण्याचा विरोध आणि आवाज यांच्या अटी आहेत.

२३ ऑगस्ट : पाण्यावर तरंगणे आणि हवेचा दाब

रस्त्यावर साचलेल्या पाण्यावर टायर कोणत्या वेगाला तरंगू लागतो, याचे जुने सूत्र विमानांच्या टायरवरच्या नासाच्या संशोधनातून आले आहे. पीएसआयमधल्या दाबाचे वर्गमूळ काढून १६.७ ने गुणायचे, उत्तर किमी प्रतितास. २० पीएसआयला साधारण ७५, २६ ला ८५, ३२ ला ९४.

हा अंदाज खोबण्या पाण्याने भरून गेलेल्या टायरचा. नवी, खोल नक्षी पाणी बाहेर फेकत असेल तर हा वेग वर सरकतो. पण दोन गोष्टी पक्क्या कळतात. हलक्या गाडीचा शिफारस केलेला दाब मुळात कमी असतो, त्यामुळे झिजलेल्या टायरनिशी जिमनी द्रुतगती मार्गाच्या कायदेशीर वेगातच तरंगू शकते. दुसरे, टायर रुंद केला की त्याला वाटेतून जास्त पाणी बाजूला सारावे लागते. २१५ वर जाताना ही किंमत थोडी मोजावीच लागते, म्हणून नक्षी ४ मिमीवर आली की त्या पावसाळ्याआधी टायर बदलायचे असे आत्ताच ठरवले. एटीची नक्षी हायवे टायरपेक्षा खोल येते, त्यामुळे आयुष्य फार घटत नाही.

५ सप्टेंबर : थांबायचे

जीएसटी परिषदेच्या ३ तारखेच्या बैठकीत नव्या टायरवरचा कर २८ वरून १८ टक्के करायचे ठरले. लागू २२ सप्टेंबरपासून, घटस्थापनेच्या दिवशी. कराआधी ८,००० रुपये किंमत असेल तर १०,२४० ऐवजी ९,४४०. पाच टायरमागे ४,००० रुपये वाचतात. तेवढ्यात बालन्सिंग, अलाइनमेंट आणि नवे व्हॉल्व्ह होऊन जातात. दुकानदाराने जुन्या किमतीत आजच घ्या म्हटले तरी दोन आठवडे थांबायचे. तोवर मागचे, जास्त झिजलेले टायर घेऊन घाटात जायचे नाही.

२४ सप्टेंबर : टायर बसवले

घेतले: अपोलो ॲप्टेरा एटी २, २१५/७५ आर १५, पाच नग. पाचवा स्टेपनीसाठी. पार्ट-टाइम फोर-व्हील गाडीत ही चैन नाही. फोर-व्हील लावल्यावर पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल मध्ये डिफरन्शियल नसताना थेट जोडले जातात. दोन्हीकडच्या टायरचा घेर वेगळा असेल तर फरक ट्रान्सफर केस (पुढे-मागे ताकद वाटणारी गिअरपेटी) आणि शाफ्टमध्ये पीळ होऊन साठतो. नक्षीत ३ मिमीचा फरक म्हणजे घेरात जवळपास १९ मिमी. सैल मातीवर चाक घसरून तो पीळ सोडते, डांबरावर सोडत नाही. म्हणून सुक्या डांबरावर फोर-व्हील लावायचेच नाही, आणि पाचही टायर एकाच जातीचे, साधारण सारख्या झिजेचे ठेवायचे.

बसवण्याआधी प्रत्येक टायरची उत्पादनाची तारीख पाहिली. लंबगोल चौकटीतले चार अंक: पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. ३०२५ म्हणजे २०२५ चा तिसावा आठवडा. हा पूर्ण क्रमांक एकाच बाजूला असतो, म्हणून टायर उलटून पाहावा लागतो. एक नग वर्षभर जुना निघाला, बदलून घेतला. आयएसआय चिन्ह पाचही नगांवर पाहिले.

व्हॉल्व्ह पाचही नवे. जुना रबरी व्हॉल्व्ह नव्या टायरच्या आयुष्याच्या मध्यावरच चिरतो आणि हळू हवा सोडतो.

बालन्सिंगला जिमनीची अडचण ठाऊक असावी. तिच्या रिमचे मधले भोक १०८ मिमीचे, छोट्या गाड्यांपेक्षा बरेच मोठे. अनेक दुकानांत त्या मापाचा शंकू मशीनला लावलेलाच नसतो. लहान शंकूवर चाक तिरके बसते, मशीन चुकीचे वजन सांगते आणि गाडी ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंग थरथरवते. मोठा शंकू मागून घेतला. टायरवरचा पिवळा ठिपका, म्हणजे टायरची हलकी बाजू, व्हॉल्व्हजवळ ठेवून बसवले. एका चाकाला तरीही ९५ ग्रॅम मागितले. शिसे चिकटवण्याऐवजी हवा सोडून टायर रिमवर अर्धा फिरवला, मागणी ४० वर आली.

अलाइनमेंट: पुढचा अ‍ॅक्सल अखंड असल्याने फक्त टो (वरून पाहता चाके आत-बाहेर किती वळली आहेत ते) बसवता येतो. कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल) आणि कॅस्टर जागेवर बदलतच नाहीत. बिलात ‘कॅम्बर करेक्शन’ दिसले तर काढायला सांगावे.

नट १०० न्यूटन-मीटरला, टॉर्क पान्याने, ताऱ्याच्या क्रमाने. न्युमॅटिक गनने आवळलेले नट रस्त्यावर जॅकपान्याने सुटत नाहीत. ५० किमीनंतर पुन्हा एकदा तपासले.

२७ सप्टेंबर : फटी, मीटर, थरथर

स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आतल्या बाजूला पाहिले. रुंद टायर घेतला की जिमनीत आधी घासतो तो पुढच्या रेडियस आर्मला (चाकांचा दांडा चासीला जोडणाऱ्या लांब भुजेला), मडगार्डला नंतर. मूळ रिमवर २१५ घासत नाही, बोट सहज फिरते. मग पुढचे एक चाक दगडी कट्ट्यावर चढवून तीच तपासणी. मडफ्लॅपची कडाही मोकळी.

जीपीएसशी ताडले तर मीटर १०० दाखवताना पूर्वी ९६ च्या आसपास खरा वेग यायचा, आता साडेसत्त्याण्णवच्या जवळ. मीटर अजूनही जास्तच दाखवते, म्हणजे काळजी नाही. किलोमीटर मात्र दीड टक्का कमी मोजले जातात. ॲव्हरेज काढताना हे धरले नाही तर नव्या टायरला उगाच दोष लागतो. मीटरवरून १५ आला तर खरा १५.२. त्याउपर जी घट उरेल ती टायरच्या वजनाची आणि नक्षीची.

पहिले ३०० ते ५०० किमी सांभाळून चालवायचे. साच्यातून सुटावा म्हणून लावलेला पदार्थ रबरावर असतो आणि ओल्या रस्त्यावर तो निसरडा असतो. पावसात नवे टायर बसवून थेट घाटात जाणारे हे विसरतात.

साठ ते ऐंशीच्या दरम्यान स्टिअरिंग जोरात हादरू लागले तर टायर बदलत बसू नये. आधी बालन्सिंग, मग टो, मग स्टिअरिंग डॅम्पर, मग पुढच्या किंगपिनची (चाक ज्या खिळीवर वळते तिची) बेअरिंगे या क्रमाने शोधावे. जड चाके हा दोष निर्माण करत नाहीत, आतला ढिलेपणा उघड करतात. या गाडीत हादरा नाही.

५ ऑक्टोबर : हवा किती

सुरुवात दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरपासून. साध्या बांधणीचा टायर असल्याने तोच आकडा पाया धरता येतो. टायरवर छापलेला कमाल दाब भरायचा नसतो.

नेमका दाब ठरवायला खडूची चाचणी केली. सपाट डांबरावर टायरच्या पूर्ण रुंदीवर खडूची जाड आडवी पट्टी ओढायची आणि शंभरेक मीटर सरळ जायचे. खडू मधोमध आधी पुसला तर हवा जास्त, कडांना आधी पुसला तर कमी. स्टिकरच्या आकड्यावर पुढे सारखा पुसला, मागे सामान भरल्यावर कडा आधी गेल्या. मागे २ पीएसआय वाढवल्यावर सारखा.

मग गरम दाब. सकाळी थंड टायरवर नोंद, तासभर हमरस्त्यावर चालवून लगेच पुन्हा नोंद. वाढ ४ पीएसआयच्या आसपास असेल तर ठीक. ६-७ ने वाढला तर टायर जास्त लवून तापतो आहे, म्हणजे थंड दाब कमी होता. ऐकायला उलटे वाटते, त्यामुळे लोक वाढलेला दाब पाहून हवा सोडतात आणि टायर आणखी तापवतात. काँक्रीटवर टायर फुटण्याची वाट तिथूनच सुरू होते. हवामानाच्या दर १० अंशांना साधारण एक ते दीड पीएसआय फरक पडतो. ऑक्टोबर हीटमध्ये भरलेली हवा डिसेंबरच्या पहाटे कमी भरते.

१६ नोव्हेंबर : डांबर सोडल्यावर

मुरमाच्या चढावर हवा १८ पीएसआयवर आणली. टायरचा ठसा लांब होतो, खड्यांवरून उडण्याऐवजी त्यांना कवेत घेतो. चाक फिरवून माती उधळायची गरज राहत नाही. डांबराला लागताच कॉम्प्रेसरने परत भरायची. १८ वर हमरस्त्याला वेग धरला तर साईडवॉल आतून जळते आणि बाहेरून काही दिसत नाही. कॉम्प्रेसर गाडीत नसेल तर हवा सोडूच नये.

काळ्या मातीत मात्र एटीकडून आशा ठेवू नये. ओली काळी माती दोन फेऱ्यांत खोबण्या भरून टाकते आणि टायर गोटा होतो. तिथे मड टायरही फार काळ टिकत नाही. वाफसा येईपर्यंत थांबणे किंवा वाट बदलणे हाच उपाय. कोकण बाजूच्या जांभ्याच्या लाल चिखलात टायर स्वतःला झाडून घेतो, फरक स्पष्ट जाणवतो.

१४ डिसेंबर : पहिले रोटेशन

मागच्या चाकांवर पुढच्यापेक्षा अर्धा मिमी जास्त झीज. टू-व्हीलमध्ये मागची चाके ओढतात, त्यामुळे अपेक्षितच. पुढच्या खांद्यांवरच्या ठोकळ्यांवर हात एका दिशेने फिरवला तर गुळगुळीत, उलट्या दिशेने धार लागते. एटीचा आवाज दुसऱ्या वर्षी वाढतो तो या करवती झिजेमुळे, आणि ती वेळीच मोडली तर आवाज वाढत नाही.

पाच चाकांचा क्रम: मागची दोन्ही सरळ पुढे, पुढचे उजवे मागे डावीकडे, पुढचे डावे स्टेपनीला, स्टेपनी मागे उजवीकडे. दर ८,००० किमीला हाच फेरा, दरवेळी बालन्सिंग आणि टो. पाचही टायर सारखे झिजतील आणि स्टेपनी दारावर लटकून उन्हात वाळणार नाही.

नवी स्टेपनी मूळपेक्षा जड असल्याने मागच्या दाराच्या बिजागऱ्यांचे बोल्ट तपासले, वरचा एक पाव फेरा घट्ट झाला. दार बंद करताना शेवटचे दोन इंच उचलून लावावे लागले तर बिजागरी बसली समजावे. सध्या दार सरळ लागते. पुढची नोंद एप्रिलमध्ये, उन्हाळ्याच्या दाबासाठी.